शेंगदाण्याच्या गावात शेंगदाणा न चालणारी पोर

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर अंगावर गांधी उठलेलं माणूस आलं की मागणी ठरलेली असते. "सिट्रिझिन द्या, आणि वरून लावायला काहीतरी." घरी आमसुलाचं पाणी चोळून झालेलं असतं. बहुतेकांना तेवढ्यावर बरंही वाटतं. तरीही गोळी हातात देण्याआधी मी विचारते. काय खाल्लं होतं? किती वेळ झाला? आवाज बसल्यासारखा वाटतोय का? उलटी झाली का? चक्कर येतेय का? काही जण वैतागतात. "ओ मॅडम, गोळी द्या की, पित्त उठलंय नुसतं." वैतागले तरी मी विचारतेच. नुसत्या त्वचेवर थांबलेली रिॲक्शन आणि छातीत, पोटात, रक्तदाबात उतरलेली रिॲक्शन यांचं औषध वेगळं असतं. दुसऱ्या प्रकारात सिट्रिझिन घेऊन वाट बघण्यात जाणारी पंधरा-वीस मिनिटं जिवावर बेतू शकतात.

हे मी कॉलेजात फार्मसी करताना शिकले होते. पण माझ्या भाचीमुळे ते अंगात भिनलं.

चिऊ माझ्या दादाची मुलगी, आता सहा वर्षांची. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पुण्या-मुंबईत हे सांगितलं तर लोक मान डोलावतात. सोलापुरात सांगितलं की आधी गप्प बसतात आणि मग म्हणतात, "मग खाते काय ती?" प्रश्न खरा आहे. आपल्याकडे कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी, वांग्याच्या भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, पोह्यांत दाणे, चिवड्यात दाणे. उपवास असला की साबुदाणा, आणि भगरीवर दाण्याची आमटी. थंडीत हुरड्याला गेलं की शेजारी पुन्हा चटणी. संक्रांत आली की तिळगुळात दाणे, भोगीच्या भाजीत दाणे, आणि पाठोपाठ शेंगापोळी. माझी आई अजून उखळात चटणी कुटते, तिला मिक्सरची चालत नाही. तेल सुटेपर्यंत कुटलेल्या त्या चटणीच्या वासावर आमची दोन पिढ्यांची माणसं वाढली. अशा घरात ही पोर जन्मली.

अगदी लहान असल्यापासून तिच्या अंगावर इसब होतं. गालांवर, कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांमागे. खाजवून रक्त यायचं. दीड वर्षाची असताना तिनं आईच्या ताटातली चिमूटभर चटणी तोंडात घातली आणि काही मिनिटांत ओठ टरटरून सुजले. पुण्याला नेऊन तपासणी झाली. हातावर शेंगदाण्याच्या अर्काचा थेंब टाकून सुईनं हलकंसं टोचतात, पंधरा मिनिटांनी तिथं उठलेली गांध मोजतात. तीन मिलिमीटर किंवा जास्त असली तर टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. तिची चांगली मोठी उठली. रक्ततपासणीही तेच सांगत होती.

त्यानंतर घरात पुष्कळ बदल झाले, पण नातेवाइकांचं समाधान काही केल्या होईना. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं ओ." "थोडं थोडं द्या, सवय होते." "परवा तिनं दाण्याचं काहीतरी खाल्लंय आमच्याकडं, काही झालं नाही." या तीन वाक्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी दुकान बंद झाल्यावर वाचत बसू लागले. त्यातलं जे पक्कं आहे ते इथं लिहिते आहे. सोलापुरात हे मराठीत कुणी समोर बसवून सांगत नाही.

"आधी काही झालं नव्हतं, मग आताच कसं?" याचं उत्तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिल्या डोसातून वाचलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांनी त्याच विषाची फार कमी मात्रा दिली. प्रतिकारशक्ती तयार झाली असेल अशी त्यांची अपेक्षा होती. झालं उलटं. काही मिनिटांत कुत्र्यांना धाप लागली, उलट्या झाल्या आणि ती मेली. पहिल्या वेळेनं शरीराला वाचवलं नव्हतं, जास्त हळवं केलं होतं. १९०२ मध्ये त्यांनी सगळ्या शरीरात झपाट्यानं पसरणाऱ्या या जीवघेण्या रिॲक्शनला ॲनाफिलॅक्सिस असं नाव दिलं आणि १९१३ मध्ये रिशेंना नोबेल मिळालं. म्हणजे आधी काही झालं नव्हतं, यावरून पुढचं काहीच ठरत नाही.

मला त्याहून जवळचा वाटतो तो १९२१ चा प्रयोग. जर्मनीतल्या हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासा चालत नसे. त्यांच्या सहकाऱ्यानं, कार्ल प्राउसनित्झनं, क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथंच माशाचा अर्क टोचला. प्राउसनित्झना मासा चालत होता, तरी नेमक्या त्या जागी गांध उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून दुसऱ्याच्या अंगात नेता येते. ती मनाची नाही, लाडाची नाही, नखऱ्याची तर नाहीच. ही गोष्ट मी आमच्या एका काकूंना सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प बसून ऐकत राहिल्या.

रक्तातला तो पदार्थ कोणता, हे कळायला पुढं ४५ वर्षं लागली. १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोनं तो शोधला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिक वेगळ्या वाटेनं तिथंच पोचले. हे एक प्रतिपिंड, म्हणजे शरीरानं बाहेरच्या पदार्थाविरुद्ध बनवलेलं प्रथिन. १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं आयजीई. रक्ततपासणीच्या कागदावर आज जो आयजीईचा आकडा येतो तो हाच.

आता शेंगदाण्याकडे येते. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो काजू-बदामांचा भाऊ नाही, तो तूर-हरभऱ्याच्या घरातला. बीमध्ये रोपाची शिदोरी म्हणून प्रथिनं साठवलेली असतात. त्यातल्या अरा एच २ आणि अरा एच ६ या दोन प्रथिनांचा गंभीर ॲलर्जीशी सगळ्यात जवळचा संबंध दिसतो. ही प्रथिनं चिवट असतात. भाजून मोडत नाहीत, पोटातल्या आम्लातही बऱ्याच अंशी टिकतात. चिऊच्या शरीरात या प्रथिनांविरुद्ध आयजीई तयार आहे आणि ते मास्ट नावाच्या संरक्षक पेशींवर चिकटून बसलेलं आहे. प्रथिन आलं, दोन आयजीईंना एकदम धरलं, की पेशी फुटल्यासारखी आतला हिस्टॅमिन आणि इतर रसायनं बाहेर सोडते. त्वचेत गांधी, आतड्यात कळ आणि उलटी, श्वासनलिका आवळणं, रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरणं, हे सगळं तिथून सुरू होतं.

खमंग भाजण्यानं ॲलर्जी कमी होत नाही. कोरड्या भाजण्यात साखर आणि प्रथिनं जोडली जातात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाजलेल्या शेंगदाण्याची प्रथिनं उकडलेल्या किंवा तळलेल्यापेक्षा आयजीईला जास्त पकडतात असं दिसलं. चीनमध्ये शेंगदाणा भरपूर खातात, पण बराचसा उकडून किंवा तळून. म्हणून तिथं ही ॲलर्जी कमी असावी, असा त्या संशोधकांचा तर्क होता. हे वाचून आई लगेच म्हणाली, "मग उकडलेल्या शेंगा देऊ का तिला?" नाही. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि चिऊला ज्या प्रमाणात त्रास होतो त्यात उकडलेली शेंगसुद्धा धोक्याचीच.

"एवढ्याशानं काय होतंय" याचंही उत्तर आकड्यात देता येतं. एका दाण्यात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिन असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या लोकांवर मोजून-मापून केलेल्या चाचण्यांतून असं निघालं आहे की शंभरातल्या एकाला ०.२ मिलिग्रॅम प्रथिनावरही लक्षणं सुरू होऊ शकतात. म्हणजे दाण्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सगळ्यांना इतक्यावर होतं असं नाही. पण आपलं लेकरू त्या शंभरातलं कितवं, हे चमच्याला चिकटलेल्या कुटावरून बघायचं नसतं.

हळदीकुंकवाचं जे झालं ते आता सांगते. संक्रांतीनंतरचे दिवस, गड्ड्याची यात्रा चालू, गावात पाहुण्यांची गर्दी. वहिनी चिऊला घेऊन एका ओळखीच्या घरी गेली. वडी हातात आली तेव्हा वहिनीनं विचारलं, दाणे आहेत का? "नाही ओ, तिळाचीच आहे." कूट घातलेलं सांगणाऱ्या बाईच्या ध्यानातही नव्हतं, कारण आपल्याकडे कूट हा वेगळा पदार्थ म्हणून कुणी मोजतच नाही. चिऊनं अर्धी वडी खाल्ली. ओठ खाजले, मग पोटात दुखायला लागलं, मग खोकला, मग उलटी, आणि मग ती वहिनीच्या खांद्यावर एकदम लुळी पडली. रिक्षानं जवळच्या दवाखान्यात नेलं. नाव लिहिणार नाही. तिथं एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, नेब्युलायझर लावला. मी दुकानातून धावत पोचले तोवर ॲड्रेनॅलिन दिलेलं नव्हतं. ज्येष्ठ डॉक्टर आले, त्यांनी एक नजर टाकली आणि मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं. थोड्याच वेळात चेहऱ्यावर रंग आला. रात्रभर तिला ठेवून घेतलं, आणि ते अगदी बरोबर होतं. पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा अन्न न खाताही दुसरी लाट येऊ शकते.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये पहिलं औषध ॲड्रेनॅलिन. एव्हिल आणि स्टेरॉइड नंतर, आणि दिलंच पाहिजे असंही नाही. सिट्रिझिन किंवा एव्हिल फक्त हिस्टॅमिनला अडवतं. ते खाज आणि गांधी कमी करतं, पण आवळलेला श्वास आणि उतरलेला रक्तदाब त्यानं सुधारत नाही. स्टेरॉइडचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास लागतात. ॲड्रेनॅलिन मात्र सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींतून पुढं सुटणारी रसायनंही रोखतं. हे सगळं एकदम करणारं दुसरं औषध आपल्याकडे नाही.

कुठं टोचायचं हेही महत्त्वाचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. १९९८ मध्ये कॅनडात मुलांवर झालेल्या अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिल्यावर औषध रक्तात सर्वोच्च पातळीला सरासरी ८ मिनिटांत पोचलं. त्वचेखाली दिल्यावर ३४ मिनिटं लागली. ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा आढावा घेतला गेला तेव्हा अन्नामुळे झालेल्या प्रकरणांत हृदय थांबेपर्यंतचा मध्यम काळ ३० मिनिटं निघाला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उशीर का परवडत नाही हे समजतं. आणि रुग्णाला उभं करू नये, चालवत तर मुळीच नेऊ नये. आडवं झोपवून पाय वर. धाप असेल तर टेकून बसवावं. रक्तदाब उतरलेला माणूस झटकन उभा राहिला की हृदयाकडे परतणारं रक्त तुटतं, आणि त्यातून झालेले मृत्यू नोंदलेले आहेत.

बाहेरच्या देशांत पेनासारखा ऑटोइंजेक्टर मिळतो. टोपी काढायची, मांडीवर दाबायचा. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. आमच्या दुकानात तरी कधी आला नाही. ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, मात्र मिळते, एका मिलीत एक मिलिग्रॅम, आणि महाग नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. चिऊचं वजन १८ किलो, म्हणजे ०.१८ मिली. तिच्या डॉक्टरांनी हे कागदावर लिहून, सही करून दिलं आहे आणि दादा-वहिनी दोघांकडून समोर बसवून सराव करून घेतला आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून असा कागद मागून घ्यावा. मात्रा माझ्या लिहिण्यावरून ठरवू नये.

काउंटरमागून दोन गोष्टी सांगते, डॉक्टर घाईत सांगायला विसरतात अशा. एक, यासाठी इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि सुई इतकी छोटी की स्नायूपर्यंत पोचत नाही. एक मिलीची साधी सिरिंज आणि एक इंची सुई लागते. दुसरी गोष्ट सोलापूरच्या उन्हाची. हे औषध २५ अंशांच्या आत, उजेडापासून दूर ठेवायचं असतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. शाळेच्या दप्तरात, स्कूटरच्या डिकीत ठेवलेली ॲम्प्यूल उन्हाळ्यात खराब होते. इन्सुलिन ठेवायच्या थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेलंही चालत नाही. महिन्यातून एकदा उजेडात धरून बघा. गुलाबी किंवा तपकिरी झाक आली, आत कण दिसले, की टाकून नवीन घ्या.

तेलाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात, कारण आपल्याकडे लाकडी घाण्याचं शेंगतेल पुन्हा जोरात आलं आहे. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही तेलं देऊन पाहिली. रिफाइंड तेलानं एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलानं सहा जणांना झाला. रिफाइंड करताना प्रथिन जवळजवळ निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं. तब्येतीसाठी म्हणून घाण्याचं तेल वापरणाऱ्या घरांबद्दल मला आदरच आहे. आमच्याकडेही तेच होतं. पण ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ते तेल म्हणजे शेंगदाणाच समजा. आमच्या घरी आता सूर्यफूल आणि करडई.

चिऊच्या मालिशीलाही घाण्याचं शेंगतेल वापरलं जायचं, आणि त्यामुळेच मी संशोधनाच्या पुढच्या भागापाशी बराच काळ थांबले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले गिडियन लॅक यांनी २००३ मध्ये दाखवलं की बाळपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं फाटक्या, इसबाच्या त्वचेला लावली गेलेल्या मुलांत पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसते. त्यातून एक विचार पुढं आला. पदार्थाची पहिली ओळख फुटलेल्या त्वचेतून झाली तर शरीर त्याला शत्रू ठरवतं. तीच ओळख तोंडातून, आतड्यातून झाली तर ते त्याला आपलं मानतं. आमच्या घरात हवेत कूट, हाताला कूट, मालिशीला शेंगतेल, आणि पोरीच्या अंगावर उघडं इसब. पोटात मात्र दीड वर्षापर्यंत काही गेलं नव्हतं. एका मुलाबद्दल कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही, आणि कुणी आईनं स्वतःला त्यासाठी दोष देऊ नये. पण इसब असलेल्या बाळाला कच्चं शेंगतेल चोळू नका, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीच्या आईला सांगते.

याच लॅक यांच्या गटानं २००८ मध्ये ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली होती. वंश साधारण सारखा. ब्रिटनमध्ये १.८५ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. मोठा फरक एक होता. इस्रायलमधली बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खात होती, आणि ब्रिटनमधली खात नव्हती. त्या काळात पाश्चात्त्य देशांत सल्लाच तसा होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० मध्ये, ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे अशा बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागं घेतला गेला.

मग लीप नावाचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, आठवड्याला सहा ग्रॅम प्रथिन. निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. सुरुवातीला त्वचेची टेस्ट निगेटिव्ह असलेल्यांत, टाळणाऱ्या गटातल्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी निघाली, खाणाऱ्या गटातल्या १.९ टक्क्यांना. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. इतकी साधी गोष्ट, आणि जगभर कित्येक वर्षं नेमकी उलटी सांगितली गेली होती.

आपल्या आज्या उष्टावणानंतर आमटीत कुस्करलेली भाकरी भरवायच्या, त्या आमटीत कूट असायचंच. एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात कर्नाटकातल्या शाळेतल्या मुलांची पाहणी झाली तेव्हा अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता फक्त ०.१४ टक्के मुलांत आढळली, त्याच प्रकल्पातल्या हाँगकाँगच्या मुलांत १.५ टक्के. आज्यांच्या त्या आमटीमुळेच आपल्याकडचा आकडा कमी आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण इंटरनेटवर जुना सल्ला वाचून सोलापुरातले तरुण आई-बाप बाळाचा शेंगदाणा बंद करायला लागले आहेत, आणि ते मला बघवत नाही. बंद करू नका. सहा महिन्यांच्या आसपास वरचं अन्न सुरू झालं की बारीक कूट पेजेत किंवा खिमटीत पातळ करून द्या. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून मगच.

तपासण्यांच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. रक्ताच्या एका नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थ तपासून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. आयजीजी नावाचं जे दुसरं प्रतिपिंड तपासतात ते तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे एवढंच सांगतं. आयजीई पॉझिटिव्ह आलं तरी ती ॲलर्जीच असते असं नाही. कर्नाटकातल्या प्रौढांच्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरी ॲलर्जी असण्याची शक्यता १.२ टक्क्यांतच होती. नुसत्या कागदावरून मुलाचं दूध, गहू, डाळ बंद केलेली घरं मी पाहिली आहेत, आणि वाळलेली मुलंही. आधी काय घडलं ते, मग टेस्ट, आणि शंका उरली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खायला देऊन बघणं. या क्रमानं जायचं.

शाळेत जमलं ते असं. बाईंना कागद दिला. वर्गातल्या आयांना वहिनी स्वतः भेटली. वाढदिवसाला दाण्याची चिक्की आता कुणी आणत नाही, आणि हे त्यांनी मनापासून केलं. हात धुण्याबद्दल एक सांगावं लागलं. सॅनिटायझर लावून शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही, साबण आणि पाण्यानं जातं. पाकीटबंद खाण्यावर आता बघता येतं, कारण २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोया, काजू-बदाम वगैरे असतील तर पाकिटावर लिहावंच लागतं. सुट्या मिठाईला हा आधार नाही. काजूकतलीत शेंगदाणा मिसळण्याची भेसळ आपल्याला नवी नाही, त्यामुळे बाहेरची काजूकतली चिऊसाठी बंद. आई तिच्यासाठी कारळाची आणि जवसाची चटणी करते, वेगळ्या खलबत्त्यात. आधी डॉक्टरांना विचारून, दवाखान्यात चाखवून मगच सुरू केली.

सध्या घरात चर्चा आहे ती उपचाराची. शेंगदाण्याचं पीठ अगदी सूक्ष्म मात्रेपासून महिनोन्महिने वाढवत नेतात, त्याला ओरल इम्युनोथेरपी म्हणतात. २०१८ च्या मोठ्या चाचणीत ४ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी उपचार घेतलेली ६७ टक्के मुलं ६०० मिलिग्रॅम प्रथिन, म्हणजे साधारण दोन दाणे, सहन करू शकली. नुसतं दिखाऊ पीठ मिळालेल्यांत ४ टक्के. अमेरिकेत २०२० मध्ये त्या पद्धतीचं औषध मान्य झालं. २०२४ मध्ये ओमालिझुमॅब हे आयजीईलाच पकडणारं इंजेक्शन अन्नाच्या ॲलर्जीसाठी तिथं मान्य झालं. त्याच्या चाचणीतही ६७ टक्क्यांनी ६०० मिलिग्रॅम सहन केलं, पाण्याचं इंजेक्शन मिळालेल्यांत ७ टक्क्यांनी. दोन्हींपैकी कशानंही ॲलर्जी मुळापासून जात नाही. चुकून पोटात गेलं तर जीव वाचावा, एवढ्यासाठी ते आहे, आणि ॲम्प्यूल जवळ ठेवावीच लागते.

वहिनीला हे लवकर सुरू करायचं आहे. दादाला भीती वाटते, कारण डोस वाढवताना घरीच रिॲक्शन येऊ शकते. शेंगदाण्याची ॲलर्जी पाचातल्या साधारण एका मुलाची आपोआप जाते, म्हणून थांबून बघू, असं तो म्हणतो. मला दोघांचंही पटतं. पण चिऊला थंडीत दमा होतो, आणि ताब्यात नसलेला दमा असताना हा उपचार करत नाहीत. म्हणून मी त्यांना सांगितलं आहे की हा हिवाळा पंप नियमित घेऊन दमा आधी आटोक्यात आणा. नंतर टेस्ट पुन्हा करू, आकडा खाली आला आहे का बघू. आला असेल तर दवाखान्यात देखरेखीखाली खायला घालून बघायचं. नसेल तर उपचाराचं बोलायचं, पण जिथं बालॲलर्जीतज्ज्ञ आहेत आणि रिॲक्शन सांभाळायची पूर्ण सोय आहे अशाच ठिकाणी, मग त्यासाठी दर पंधरवड्याला पुण्याला जावं लागलं तरी. गाडी मी काढीन, दुकान तेवढा दिवस बंद राहील.